खटारा आधी कोण म्हणालं

नामा, तुझ्या तेरवीला लोक तुझ्याबद्दल जे बोलले ते ऐकून मला राग आला. फोटोला हार घातलेला, उदबत्त्या लावलेल्या, आणि एकेक जण उठून सांगत होता की नामदेवराव पेंटर म्हणजे शब्दाचे पक्के, एकदा बोलले की बोलले. कोणाबद्दल बोलून राहिले हे, म्हणून मी दोनदा फोटोकडे पाहिलं. तुझाच होता. शब्दाचा पक्का म्हणे! पंचवीस वर्षं मी तुझ्या शेजारी बसून पत्रा ठोकला, तुझं एक मत सहा महिने टिकलेलं मला आठवत नाही. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी हात जोडले आणि खाली बसलो. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला भरून आलं. भरून-बिरून काही आलं नव्हतं. उभा राहिलो असतो तर भांडलो असतो, आणि गेलेल्या माणसाशी त्याच्याच घरी भांडणं बरं दिसत नाही.

तुझा पोरगा म्हणाला, काका, बाबांच्या आठवणींचं छोटं पुस्तक काढून राहिलो, तुम्ही दोन पानं लिहून द्या. चौथी शिकलेल्या माणसाला दोन पानं मागतो. देतो. पण मी गुण गाणार नाही. आपला वाद बाकी आहे, तो आधी.

लोकांना कळावं म्हणून सांगतो. सदर भागातल्या त्या गॅरेजात मी डेंटर होतो आणि तू पेंटर. गाडी ठोकून आली की आधी माझ्या हातोडीखाली यायची, मी तिचा चेपलेला पत्रा सरळ करायचो, मग ती तुझ्या पिचकारीखाली जायची. दुपारी जेवण झालं की आपण समोरच्या नाल्यावरच्या पुलियावर बसायचो. सिव्हिल लाईन्सकडे जाणाऱ्या गाड्या तिथून जायच्या, पण आधी एक वळण होतं आणि त्या वळणाला चिंचेचं झाड आडवं होतं. झाडामागून गाडी दिसायच्या आत नुसत्या आवाजावरून ती कोणती हे सांगायचं. दिवसभरात जो जास्त वेळा चुकला त्याने संध्याकाळी घरी, इंदोऱ्यापर्यंत, सायकल चालवायची, जिंकला तो मागे कॅरिअरवर पाय सोडून बसणार. मी जास्त वेळा मागे बसलो. हेही तुझ्या पोराला ठाऊक नसेल, लिहून ठेवतो.

गाड्यांच्या नाकावर इंग्रजीत नावं असायची, ती ना तुला वाचता यायची ना मला. म्हणून आपण आपली नावं ठेवली. चौकोनी होती ती पेटी. डोळे वर आलेली ती बेडकी. एक लांबलचक होती, हळूहळू जायची, तिला आपण पेन्शनर म्हणायचो. आणि काळी मोठी, जिचे पुढचे मडगार्ड दोन्ही बाजूंनी फुगलेले, अंड्यांवर बसलेल्या कोंबडीने पंख फुगवावे तसे, ती खुडूक. गॅरेजात गिऱ्हाईक यायचं आणि मालक आतून ओरडायचा, "डेंटर, कोणती गाडी आली पाय ना गा!" आणि मी सांगायचो, "बेडकी आहे!" गिऱ्हाइकाचं तोंड पाहण्यासारखं व्हायचं.

आता तुझी मतं. अँबेसेडर नवी नवी रस्त्यावर दिसू लागली तेव्हा तू पुलियावरून खाली उतरून थुंकला होता. "मडकं आहे हे," म्हणाला. "उलटं ठेवलेलं मडकं. याले रंग देऊन का फायदा?" थंडी आली आणि तोच तू मला समजावून राहिला की अँबेसेडरसारखी पाठ कोणत्याच गाडीची नाही, पिचकारी मारली की रंग कसा ओघळत नाही. मी म्हटलं, मागच्या उन्हाळ्यात मडकं होतं ना? तू म्हणाला, "मत म्हणजे कलर असते गा. ऊन लागलं का उडते. नवा हात मारा लागते." पुढे अँबेसेडर घरोघरी झाली तेव्हा परत तुझं मडकं सुरू झालं. शेवटी शेवटी ती छोटी नवी गाडी आली तर पहिल्या दिवशी माचिसची डबी, आणि पंधरवड्यात, "नाही बा, हुशार आहे पोरगी." असा माणूस शब्दाचा पक्का!

माझं मत मी बदललं नाही. पत्रा जाड तर गाडी चांगली, पत्रा पातळ तर नाही. आजही हेच म्हणतो.

एका गाडीबद्दल मात्र तू बदलला नाही, आणि तिथेच आपलं बिनसलं. खुडूक. गावात तशी एकच होती, धरमपेठेतल्या एका वकीलसाहेबांची. वळणामागून तिचा आवाज आला की तू बिडी विझवायचा. बाप समोर आल्यावर पोरगा विझवतो तशी. तिला दोनदा तूच रंग दिला होता. मला म्हणायचा, "पाय डेंटर, दिव्यापासून निघाली का रेघ दरवाज्यापर्यंत कोठी थांबत नाही. बोट फिरव. कोठी खड्डा लागते का?" मी बोट फिरवायचो नाही. मी म्हणायचो पत्रा जाड आहे, ठीक आहे.

मग तो काळ आला की मोठ्या विलायती गाड्या कोणाला नको झाल्या. पेट्रोल पिते, सामान मिळत नाही, गल्लीत वळत नाही. ज्या डॉक्टर-वकिलांनी बापाच्या वेळी त्यात मिरवून घेतलं त्यांनाच त्यात बसायची लाज वाटू लागली. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, खटारा. अँबेसेडरसाठी नंबर लावायचा आणि घरातला खटारा कबाड्याला द्यायचा. वकीलसाहेबांची खुडूक तेव्हाच एका बैलगाडीला धडकली. पुढचा डावा मडगार्ड पार चुरगळला. त्यांनी गाडी आपल्याकडे टाकली आणि मला म्हणाले, "होण्यासारखी असेल तर करा, नाहीतर मोडीत काढू. आठ दिवसांनी येतो."

आठ दिवसांनी ते आले. त्यांनी मला विचारलं, "काय मिस्त्री? होते का?" मी हातातली हातोडी खाली ठेवली. एवढंच केलं. मी तोंड उघडायच्या आत, कोणी विचारलं नसताना, तू मधे आला. हात पुसत पुसत म्हणाला, "साहेब, हे खटारा होऊन गेली. याच्यात काही जीव नाही राहिला. काहून पैसा घालता?" वकीलसाहेब म्हणाले, तुम्ही दोघे म्हणता तर ठीक आहे, आणि निघून गेले.

म्हणजे खटारा हा शब्द आधी तुझ्या तोंडून निघाला. तुझ्या. मी पुढची वीस वर्षं हेच सांगत आलो आणि ते खोटं नव्हतं.

मी खुडूक दोन दिवसांत कापली. छिन्नी आणि गॅस. तिचा पत्रा पुढे किती गाड्यांच्या ठिगळांत गेला त्याची गणती नाही. त्या दोन दिवसांत तू कामाला आला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि पुलियावर बसून मला म्हणाला, "तुकडा तरी ठेवायचा होता एखादा." मी म्हटलं, "तूच तं म्हणाला खटारा. खटाऱ्याचा तुकडा कायले पायजे तुले?" तू गप्प बसला. तू गप्प बसणं म्हणजे रेडिओ बंद पडल्यासारखं. मला तेव्हाच विचारायला पाहिजे होतं. मी काय केलं? झाडामागून आवाज आला आणि मी म्हटलं, पेटी. पेटीच होती. संध्याकाळी तू सायकल चालवली.

पुढचं सगळं तुझ्या पोराच्या डोळ्यांसमोरचं आहे. गॅरेज बंद झालं, तुझी छाती थिनरने खाल्ली, माझे कान हातोडीने. रस्त्यावर ओळखायला गाड्या उरल्या नाहीत, दोन-तीन जाती, डोळे मिटून सांगावं. आणि मग दोन वर्षांमागे सिव्हिल लाईन्सच्या मैदानात जुन्या गाड्या दाखवायला आणणार असं तू कुठूनतरी ऐकून आला. मला सायकलवर बसवून नेलं. मीच म्हटलं होतं नको, दम लागतो तुला. ऐकतो कुठं.

तिथे काय पाहिलं! ज्या गाड्यांना लोक नाकं मुरडायचे त्यांना हार घातलेले. पोरंसोरं हात लावून राहिली तर मालक धावून जातात. आणि शब्दही नवा. विंटेज. कालपर्यंत खटारा होती, आज विंटेज. एका रांगेच्या शेवटी ती उभी होती. आपली नव्हे, दुसरी, पण तीच जात, फुगलेले मडगार्ड. तू बिडी काढली होती ती तशीच खिशात ठेवली. तिचा मालक टोपी घातलेला तरुण साहेब होता, रामदासपेठेतला. त्याने त्या गाडीचं खरं नाव सांगितलं, एवढं लांब की माझ्या तोंडात बसलं नाही. म्हणाला, अख्ख्या विदर्भात ही एकच आहे, दुसरी कधी नव्हतीच.

तू म्हणाला, "होती साहेब. आमच्या हाताखालची होती. आम्ही कापली."

"कापली? काहून?"

"खटारा वाटली तेव्हा आमाले," तू म्हणाला. "आमाले दोघालेही अक्कल नव्हती."

चार लोक हसले. त्यात तो टोपीवालाही. मला काय झालं ते मला आजपर्यंत कळलं नव्हतं. मी तुझी बाही धरली आणि सगळ्यांसमोर ओरडलो, "दोघाले नाही! तुले नसन अक्कल. खटारा तू म्हणाला, नामा. मी नाही. आणि होतीच ते खटारा, मी आजही म्हणतो!"

तू माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता शिवी येते. तू म्हणाला, "हो गा. मीच म्हणालो होतो." एवढंच. आणि त्या टोपीवाल्याकडे वळून त्याला विचारायला लागला की रंग कोणत्या कंपनीचा मारला.

मी पायी घरी गेलो. नंतर आपण बोललो नाही. महिना, दोन महिने, वर्ष झालं. मी म्हटलं, आधी तो येईल. तुझं खोकणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतं असं लोक सांगायचे. मागच्या थंडीत एकदा मी तुझ्या घराच्या कोपऱ्यापर्यंत आलो, माझ्या या कानांनाही तो आवाज आला आणि परत फिरलो. मनात काय होतं सांगू? मनात होतं की हा परत "आम्ही" म्हणेल. आम्ही कापली, आम्हाला अक्कल नव्हती. तो "आम्ही" मला काट्यासारखा सलत होता. आपल्या चुकीत मला काहून ओढतो हा माणूस?

तेरवीला सगळे उठून गेल्यावर वहिनीने मला मागच्या अंगणात बोलावलं. पाण्याचा गिलास दिला. म्हणाली, "भाऊजी, तुम्ही काहून नाही आले, मी विचारत नाही. पण एक गोष्ट ते सांगत होते, ती तुमच्या कानावर घालावी म्हटलं."

मी म्हटलं, "सांग ना वं."

"ते म्हणाले, त्या काळ्या गाडीचा मडगार्ड डेंटरले बसला नव्हता. दोनदा बनवला, दोन्हीदा बिघडला. बिघडलेले पत्रे त्यानं ड्रमामागं लपवले होते. मी पाहून घेतले. म्हटलं, तो काय तोंड दाखवन वकिलासमोर? मीच म्हणून टाकलं खटारा." हे तुझं झालं, मग ती स्वतःचं बोलली. "मी म्हटलं, त्याईले सांगून टाका ना एकदाचं, एवढं भांडण झालं. तर म्हणाले, नाही वं. डेंटरनं काही राहू दिलं तर झाका लागते. पेंटरचं कामच ते आहे."

नामा, मी तो गिलास तसाच भरलेला ओट्यावर ठेवला आणि घरी आलो.

आता हे पुस्तक वाचणाऱ्यांना सांगतो, कारण आपल्या धंद्याबाहेर हे कोणाला ठाऊक नसतं. डेंटरचा हात कितीही चांगला असला तरी पत्र्यावर उंच-सखल राहतंच. त्यावर पेंटर लांबी भरतो. लांबी म्हणजे ती मळकी माती, गाडी घासून सारखी करायची. लांबीवर रंग चढला की खालची चूक जन्मात कोणाला दिसत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, वा डेंटर, काय हात आहे! आणि पेंटर बाजूला उभा राहून हात पुसतो. कोणता पेंटर मुकाट्याने लांबी भरतो आणि कोणता गावभर सांगत फिरतो, एवढ्यावर डेंटर त्याला ओळखतो.

वहिनी खरं बोलली. तो पत्रा मला जमला नाही. तिचा मडगार्ड दोन बाजूंनी एकाच वेळी वळायचा, पुढेही आणि खालीही, आणि मी एक वळण आणलं की दुसरं पळायचं. सात दिवस मी त्याच्यामागे होतो. सगळे गेल्यावर थांबायचो, तुला म्हणायचो पुढे हो, मी येतो चालत. वीस वर्षांची हातोडी आणि कोंबडीच्या पंखाएवढा पत्रा तिला वळवता येईना. माणसाने हे कोणाला सांगावं? मी स्वतःलाही सांगितलं नाही. मी म्हणत राहिलो, पत्रा खराब होता. म्हणून दोन दिवसांत कापली. ती समोर उभी राहिली असती तर रोज मला दिसली असती.

आणि तू त्या मैदानात "आम्ही" म्हणाला तेव्हाही लांबीच भरून राहिला होता. चार लोकांसमोर माझी निम्मी चूक अंगावर घेतली. मी ती पुरी तुझ्यावर ढकलली, तर पुरी घेतली.

मला तुझा राग येतो, नामा. कोणी सांगितलं होतं झाकायला? एकदा तरी म्हणायचं होतं की डेंटर, तुला जमलं नाही, चल परत बसू, मी धरतो तू ठोक. मी दोन शिव्या दिल्या असत्या, चार दिवस बोललो नसतो, मग बसलो असतो. तुझ्या डोळ्यात ती रेघ होती, माझ्या हातात हातोडी होती. दोघांनी मिळून बनली असती. पण मी ऐकलं असतं का? हेही खरं सांगतो. नसतं ऐकलं.

काल मी सायकल काढली आणि रामदासपेठेत त्या टोपीवाल्या साहेबाच्या बंगल्यावर गेलो. त्या दिवशी ऐकणाऱ्यांपैकी तोच एक माझ्या ओळखीचा. म्हटलं, याच्यासमोर खोटं बोललो, याच्यासमोर खरं बोलू. तो पोर्चमध्येच होता. पोर्चमध्ये खुडूक नव्हती. एक लाल, छोटी, टप नसलेली गाडी होती, दोन माणसं बसतील एवढी.

त्याने ओळखलं. "या काका, तुम्ही ते भांडणारे ना?"

मी उभ्याउभ्याच सांगितलं. "साहेब, त्या दिवशी मी म्हटलं ते गाडी खटारा होती. ते खटारा नव्हती. मले तिचा मडगार्ड जमला नाही, म्हणून कापली. पेंटरचा त्याच्यात काही दोष नव्हता. एवढंच सांगायले आलो."

तो मोठ्याने हसला. चांगला हसला, टोमणा नव्हता. "एवढ्या उन्हात एवढ्यासाठी आले? सोडा ना काका. माझी तर मी विकून टाकली. त्या गाड्यांचं आता काही राहिलं नाही. नुसत्या जाडजूड, ढब्ब्या. शौकीन लोकांना आता अशा हलक्या गाड्या पाहिजेत," आणि त्याने लाल गाडीच्या टपावर, म्हणजे टप नसलेल्या जागेवर, हात फिरवला. "तुम्ही कापली ते बरंच केलं. खटाराच समजा."

"खटारा नका म्हणू!"

आतून कोणीतरी बाई डोकावली एवढ्या जोरात बोललो मी. मी त्याला सांगितलं की दिव्यापासून निघालेली रेघ दरवाज्यापर्यंत कुठं थांबत नव्हती. बोट फिरवलं तर खड्डा लागत नव्हता. दोन बाजूंनी वळणारा तसा पत्रा या लाल गाडीच्या सात पिढ्यांत कोणी वळवला नसेल. शौक म्हणता आणि दोन वर्षांत मत बदलता, मग गाडी कशाला ठेवता, कॅलेंडर ठेवा भिंतीवर! असं बरंच. मी त्या गाडीबद्दल असं कधी बोललो नव्हतो. चांगलं असं कधीच नाही.

तो ऐकत राहिला. मग जवळ येऊन म्हणाला, "काका, एवढं होतं मनात, तर त्या दिवशी मैदानात काहून नाही बोलले? ते पेंटरकाका तर तुमच्या बाजूलाच उभे होते."

बाजूलाच होता, नामा. तुझी बाही माझ्या मुठीत होती.